वैमानिकानंच आतून दार लावून घेतलं तर? कॉकपिट सुरक्षेबद्दल शंका

विश्रामबागकर (सांगली)

मंडळी, आधीच सांगतो, कुणा एका अपघातावर तर्क लढवायला हा धागा काढलेला नाही.

बहिणीच्या मुलाला वैमानिक व्हायचंय. कऱ्हाडच्या धावपट्टीवर प्रशिक्षण घ्यायचं की बाहेर कुठं, याची चौकशी चालू आहे. घरात विषय निघाला की आमचे वडील २०१५ चं ते जर्मनविंग्जचं विमान काढतात. कॅप्टन बाथरूमला बाहेर गेला, सहवैमानिकानं दार लावून घेतलं आणि विमान डोंगरावर घातलं. त्यांचं म्हणणं, एसटीच्या ड्रायव्हरला निदान मागून कुणी धरू तरी शकतं. यावर मला धड उत्तर देता येत नाही.

बाहेरच्याला उघडता येऊ नये असं दार मुळात केलंच का? कॉकपिटमध्ये कायम दोघं हवेत हा नियम आपल्याकडे आहे का, आणि त्यानं खरंच काही फरक पडतो का? भरतीच्या वेळी डोकं तपासून घेत नाहीत का?

आणि एक घरगुती शंका. भाच्यानं बारावीच्या वर्षी घाबरल्यासारखं व्हायचं म्हणून मिरजेत मानसोपचार घेतले होते, गोळ्याही होत्या. आता अगदी ठीक आहे. ओळखीचा एक एजंट म्हणतो, मेडिकलच्या फॉर्मवर त्यातलं काही लिहू नका. काय करावं?

---

हँगर_दोन

दारापासून सुरू करू.

११ सप्टेंबर २००१ च्या आधी हे दार म्हणजे नुसता आडोसा होता, लाथ घातली की उघडायचं. त्या हल्ल्यानंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं नियम केला, १ नोव्हेंबर २००३ पासून लागू. विमानाचं कमाल वजन ४५,५०० किलोच्या वर असेल किंवा प्रवासी आसनं ६० पेक्षा जास्त असतील, तर पिस्तुलाची गोळी आणि हातबाँबच्या कपच्या सोसणारं, आतून कुलूपबंद होणारं दार हवं. कोल्हापूरला येणारं ७८ आसनांचं एटीआर वजनानं जेमतेम २३ टन, पण आसनांच्या हिशेबात तेही यात बसतं.

ए३२० मध्ये दोन वैमानिकांच्या मधल्या पॅनेलवर एक छोटा खटका असतो, तीन स्थितींचा: उघड, नेहमीचं, बंद. हात सोडला की तो मधल्या जागी परत येतो. बाहेर आकड्यांचं कीपॅड. आत यायचं असलं की नेहमीचा कोड दाबायचा, आत बझर वाजतो, आतला माणूस कॅमेऱ्यात किंवा दाराच्या भिंगातून बघतो आणि खटका 'उघड'वर धरतो. आतून काहीच हालचाल नसेल तर दुसरा, आणीबाणीचा कोड. त्यानंतर बझर वाजत राहतो आणि आतून कुणी नकार दिला नाही तर दार थोडा वेळ आपोआप मोकळं होतं. पण आतल्यानं खटका 'बंद'वर नेला की बाहेरचं कीपॅड पाच मिनिटं मुकं. आणीबाणीचा कोडही चालत नाही. यात गुपित फोडल्यासारखं काही नाही, फ्रान्सच्या बीईए या तपास संस्थेच्या जाहीर अहवालात सगळं आहे.

आता 'असं केलंच का' याचं उत्तर. एअर होस्टेसच्या गळ्याला चाकू लावून कुणी कोड काढून घेतला तर? म्हणून शेवटचा नकार आतल्याच्या हातात. आणि आतले दोघंही बेशुद्ध पडले तर? म्हणून बाहेरून उघडायची सोय. ही दुसरी शंका कागदावरची नाही. १४ ऑगस्ट २००५ ला हेलिऑसच्या ७३७ मध्ये केबिनचा दाब गेला, वैमानिक बेशुद्ध झाले, विमान ऑटोपायलटवर फिरत राहिलं. एक केबिन क्रू कॉकपिटमध्ये पोहोचला तेव्हा इंधन संपत आलं होतं. १२१ माणसं गेली.

आता एकाच दाराचे तीन खेळ बघा. २७ मार्च २०१२, जेटब्लूचं न्यूयॉर्क–लास व्हेगास विमान: कॅप्टनचंच मानसिक संतुलन ढासळलं, बरळायला लागला. तो बाहेर येताच सहवैमानिकानं दार लावून घेतलं, प्रवाशांनी कॅप्टनला जखडून ठेवलं, विमान अमारिलोला सुखरूप उतरलं. १७ फेब्रुवारी २०१४, इथिओपियनचं ७०२: कॅप्टन बाथरूमला गेल्यावर सहवैमानिकानं दार लावून विमान जिनिव्हाला पळवलं आणि आश्रय मागितला. इजा कुणालाच नाही. आणि २४ मार्च २०१५, जर्मनविंग्ज, १५० मृत्यू. तिन्ही वेळा दारानं तेच काम केलं. बाहेरचा चांगला की आतला, हे दाराला कळत नाही.

म्हणून 'कॅप्टनला कुठल्याही परिस्थितीत उघडता येईल असा तिसरा कोड द्या' ही सूचना टिकत नाही. तो कोड कॅप्टनकडून काढून घेता येतो, आणि जेटब्लूसारखा कॅप्टनच बिघडलेला असू शकतो. २०१३ च्या मोझांबिकच्या विमानात सहवैमानिक बाहेर होता आणि दार लावून विमान पाडणारा आत राहिलेला कॅप्टनच होता.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. दार नुसतं भक्कम करून भागत नाही. उंचीवर कॉकपिटची काच गेली तर केबिनमधली हवा त्या दाराला मागून रेटते. दाब वाटून घ्यायला वाट नसेल तर मधली भिंतच मोडेल. म्हणून दाब झपाट्यानं बदलला की दार किंवा त्यातला भाग सुटेल अशी रचना ठेवावी लागते. जर्मनविंग्जनंतर बीईएनं ढीगभर शिफारशी केल्या, पण दाराची रचना बदला अशी एकही नाही.

---

कोयनाकाठ (सातारा)

दोन माणसांच्या नियमाबद्दल. केबिन क्रूला हेच शिकवायचं काम असल्यानं जरा सविस्तर लिहिते.

हो, भारतात नियम आहे. वैमानिक बाहेर येणार असेल तर केबिन क्रूपैकी एकानं आत जायचं. २०१५ नंतर डीजीसीएनं (आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं) कंपन्यांना तो पुन्हा बजावला. अमेरिकेत २००१ च्या हल्ल्यानंतरच आला होता. युरोपात मात्र जर्मनविंग्जपर्यंत सक्ती नव्हती.

पद्धत साधारण अशी असते. वैमानिक आधी इंटरकॉमवर सांगतो, नुसता उठून येत नाही. पुढची गॅली (खाणंपिणं ठेवायची जागा) रिकामी करायची, बाथरूम रिकामं आहे का ते डोकावून बघायचं, रांगेतल्या प्रवाशाला जागेवर पाठवायचं, मध्ये ट्रॉली किंवा माणूस उभा करायचा. क्रू आत गेल्यावरच वैमानिक बाहेर. क्रम इथंच चुकतो: वैमानिक घाईत आधी बाहेर येतो आणि क्रू 'आले, आले' करत मागून जाते. तेवढ्या वेळात आत एकच माणूस आणि दार सताड उघडं, म्हणजे दोन्हीकडून तोटा.

आत गेलेल्या क्रूचं काम वैमानिकाशी झटापट करणं नव्हे. लोकांचा हा मोठा गैरसमज आहे. कामं दोन. आत राहिलेला वैमानिक शुद्धीवर आहे ना हे बघणं, आणि बाहेर गेलेला परत आला की चेहरा ओळखून दार उघडणं. आतल्या वैमानिकाला खुर्ची सोडून मागं वळावं लागू नये हाच मूळ हेतू. जाणूनबुजून काही करणाऱ्याला दुसऱ्या माणसाची अडचण होईल, हा त्यातला जोडफायदा.

तो फायदा किती? १९९९ च्या इजिप्तएअर ९९० मध्ये कॅप्टन परत कॉकपिटमध्ये आला होता, विमान वाचवायची धडपड करत होता, तरी २१७ माणसं गेली. (अमेरिकेच्या तपास संस्थेनं सहवैमानिकाच्या हालचालींवर ठपका ठेवला, कारण ठरवलं नाही. इजिप्तनं यांत्रिक बिघाड म्हटलं. हा वाद मिटलेला नाही.) उलट १९८२ चं जपान एअरलाइन्सचं डीसी-८: हानेडाला उतरता उतरता कॅप्टननं इंजिनांचा रिव्हर्स (उलटा जोर) लावला, बाकी दोघांनी त्याला आवरलं. विमान धावपट्टीच्या अलीकडे पाण्यात पडलं, १७४ पैकी २४ गेले, बाकीचे वाचले. म्हणजे दुसरा माणूस कधी उपयोगी पडतो, कधी नाही.

युरोपनं म्हणूनच धरसोड केली. मार्च २०१५ मध्ये 'दोघं ठेवा' अशी शिफारस, २०१६ मध्ये 'ज्या त्या कंपनीनं धोका तोलून ठरवावं', आणि २०१७ मध्ये लुफ्तान्सा गटानं नियम मागं घेतला. त्यांचं कारण अगदीच पोकळ नव्हतं: दार जास्त वेळा, जास्त वेळ उघडतं आणि कॉकपिटमध्ये जाणाऱ्या माणसांची संख्या वाढते. शिवाय एटीआरसारख्या विमानात केबिन क्रू दोघंच. एक आत गेली की ७८ प्रवाशांमागं एकच उरते.

पण पुढचं बघा. १७ फेब्रुवारी २०२४, त्याच लुफ्तान्साचं फ्रँकफर्ट–सेव्हिल ए३२१. कॅप्टन बाथरूमला गेला आणि सहवैमानिक झटका येऊन बेशुद्ध. सुमारे दहा मिनिटं विमानाला शुद्धीवरचा वैमानिकच नव्हता. ऑटोपायलट चालू होता म्हणून निभावलं. कॅप्टननं नेहमीचा कोड पुन्हा पुन्हा दाबला, मग आणीबाणीचा. तेवढ्यात सहवैमानिकानंच कसंबसं उठून दार उघडलं. विमान माद्रिदला उतरवलं. स्पेनच्या तपास संस्थेनं शिफारस केली की कॉकपिटमध्ये एकटा माणूस ठेवण्याचा पुन्हा विचार करा. माझं मत सरळ आहे: नियम ठेवावा, पण तो बेशुद्धीवरचा उपाय म्हणून. घातपातावरचा उपाय म्हणून त्याच्यावर विसंबू नये.

आणि नियम असून पाळला नाही तर काय, याला २०१३ चं मोझांबिक ४७० हेच उदाहरण. कंपनीच्या कागदावर दोघांचा नियम होता, प्रत्यक्षात कॅप्टन एकटा राहिला. ३३ जण गेले. आपल्याकडे २०२३ मध्ये दिल्ली–दुबई विमानात वैमानिकानं मैत्रिणीला कॉकपिटमध्ये बसवलं, डीजीसीएनं कंपनीला ३० लाखांचा दंड केला आणि वैमानिकाचा परवाना तीन महिने निलंबित. हे लोकांना 'गंमत केली, एवढं काय' वाटतं. एवढंच की, दार लोखंडाचं असून शिस्त कागदाची असेल तर दाराचा काही उपयोग नाही.

---

वालचंदचा_पोरगा

जमिनीवरून ताबा घ्यायची सोय का करत नाहीत राव? ड्रोन हजारो किलोमीटरवरून उडवतात की. विमान ठरलेल्या उंचीच्या खाली जायला लागलं की कंट्रोल रूममधून बटण दाबायचं, विषय संपला.

आणि दुसरं, कॉकपिटच्या आतच बाथरूम करा ना. बाहेर यायचीच गरज नाही.

---

हँगर_दोन

@वालचंदचा_पोरगा, बाथरूमचं आधी. अरुंद विमानात ती जागा म्हणजे पुढच्या काही खुर्च्या, किंवा गॅली तरी. एवढं करूनही आतला वैमानिक तेवढा वेळ एकटाच असणार. अमेरिकेनं २०२३ मध्ये नव्या विमानांना दाराबाहेर दुसरं जाळीचं फाटक लावायचा नियम केला, पण ते दार उघडं असताना कुणी धावून येऊ नये म्हणून. आतल्या माणसावर त्याचा काही परिणाम नाही.

ताबा घेण्याचं. कल्पना जुनी आहे, बोईंगनं २००६ मध्ये अशा न तोडता येणाऱ्या ऑटोपायलटचं पेटंटही घेतलं होतं. अडतं कुठं ते सांगतो.

पहिली गोष्ट, विमानातलं जवळजवळ कुठलंही विजेवर चालणारं उपकरण वैमानिकाला बंद करता आलं पाहिजे, कारण हवेत आग लागली तर आधी वीज तोडावी लागते. १९९८ ला स्विसएअर १११ मध्ये वायरिंगच्या आगीनं २२९ माणसं गेली. वैमानिकाला बंदच करता येणार नाही अशी पेटी बसवली म्हणजे बंद न करता येणारी आग बसवली. आणि बंद करता येत असेल, तर ज्याच्यासाठी ती बसवली तोच आधी बंद करणार.

दुसरी गोष्ट, यंत्राचं चुकलं तर? ७३७ मॅक्समध्ये एमकॅस नावाची प्रणाली एका सेन्सरच्या चुकीच्या आकड्यावर विमानाचं नाक खाली ढकलत राहिली, वैमानिक वर ओढत राहिले. २०१८ आणि २०१९ चे दोन अपघात, ३४६ माणसं. वैमानिकाचं न ऐकणारं यंत्र हवं म्हणताना हे विसरून चालणार नाही.

तिसरी, दार आता विमानातून निघून जमिनीवर गेलं एवढंच. त्या बटणामागं कोण बसणार, त्याला कोण तपासणार, आणि तो दुवा कुणी बाहेरचा हॅक करणार नाही कशावरून? आज एका विमानाला धोका आहे, उद्या एकाच खोलीतून शंभर विमानांना.

म्हणून काहीच नाही असं नाही. एफ-१६ मध्ये २०१४ पासून जमिनीशी टक्कर टाळणारी स्वयंचलित प्रणाली आहे. वैमानिक बेशुद्ध पडला तर शेवटच्या क्षणी विमान स्वतः वर उचलते. छोट्या खासगी विमानांत गार्मिनचं ऑटोलँड २०२० पासून प्रमाणित आहे. प्रवाशानं बटण दाबायचं, ते जवळचा विमानतळ निवडून उतरवतं. पण दोन्ही असहाय वैमानिकासाठी आहेत, विरोधातल्या वैमानिकासाठी नाहीत. प्रवासी विमानातली जमिनीची सूचना देणारी प्रणाली आजही फक्त बोलते. जर्मनविंग्जच्या रेकॉर्डरमध्ये तिचं 'टेरेन, पुल अप' ऐकू येतं. ऐकणारा ऐकत नव्हता.

तिथं सहवैमानिकानं ३८,००० फुटांवर असताना ऑटोपायलटच्या उंचीच्या खिडकीत १०० फूट भरले. विमान एकदम कोसळलं नाही, दहा मिनिटं शिस्तीत उतरत गेलं. जमिनीवरून रेडिओवर पुन्हा पुन्हा हाका मारल्या, फ्रान्सच्या हवाई दलानं मिराज लढाऊ विमान उडवलं, पण उपयोग शून्य. त्याच दिवशी सकाळी बार्सिलोनाला जाताना कॅप्टन बाहेर असताना सहवैमानिकानं तोच आकडा थोडा वेळ भरून बघितला होता, कुणाच्या लक्षात आलं नाही.

---

मिरज_ओपीडी

तांत्रिक बाजू वर छान आली आहे. विश्रामबागकर, तुमचा 'डोकं तपासून घेत नाहीत का' हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

तपासतात. पण चाचणीकडून काय अपेक्षा ठेवायची याचं साधं गणित करा. समजा १०,००० वैमानिक आहेत आणि त्यात खरोखर धोकादायक एक आहे. समजा चाचणी इतकी भारी आहे की तो एक हमखास सापडतो आणि निर्दोष माणसाला चुकून धोकादायक ठरवायचं प्रमाण फक्त पाच टक्के. म्हणजे जवळजवळ ५०० निर्दोष आणि एक खरा, अशी यादी हातात येणार. त्यातला खरा कोण ते चाचणी सांगत नाही. आणि प्रत्यक्षात इतकी भारी चाचणी अस्तित्वातच नाही. शिवाय ती एका दिवसाची तपासणी. माणूस भरतीच्या दिवशी ठणठणीत आणि सहा वर्षांनी आजारी असू शकतो.

जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाचं (नाव मुद्दाम लिहीत नाही) नैराश्य लपलेलं नव्हतं. २००८ मध्ये प्रशिक्षण थांबवून उपचार घेतले, बरा झाल्यावर खास अटीवर वैद्यकीय प्रमाणपत्र मिळालं. डिसेंबर २०१४ पासून पुन्हा त्रास सुरू झाला. त्यानं अनेक डॉक्टर गाठले, काहींनी कामावर जाऊ नको अशी चिठ्ठीही दिली. त्यानं ती कंपनीला दिली नाही आणि डॉक्टरांनी कुणाला कळवलं नाही, कारण जर्मनीत गोपनीयतेचा कायदा कडक आणि अपवाद नेमका कधी लागू होतो याबद्दल संदिग्धता. त्याच्या डोक्यावर प्रशिक्षणाचं सुमारे ४१,००० युरोचं कर्ज होतं. परवाना गेला की पोट गेलं, कर्ज राहिलं. म्हणून बीईएच्या शिफारशींत मानसिक आजाराचा इतिहास असलेल्यांचा पाठपुरावा, गोपनीयता कधी मोडायची याचे स्पष्ट नियम, परवाना गेल्यावर उत्पन्नाची सोय आणि सहकारी वैमानिकांकडून आधार हे मुद्दे आले. युरोपनं २०१८ मध्ये त्यावर नियम केले आणि ते फेब्रुवारी २०२१ पासून लागू झाले: नोकरीवर घेताना मानसशास्त्रीय मूल्यमापन, आधार योजना, दारू-अमली पदार्थांची अचानक तपासणी.

आपल्याकडे काय? डॉक्टरांच्या २००२ च्या व्यावसायिक आचारनियमांत गोपनीयतेला अपवाद आहे: एखाद्या व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर, स्पष्ट धोका दिसत असेल तर. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही दुसऱ्याला इजा टाळण्यासाठी आवश्यक तेवढी माहिती देता येते. म्हणजे दार किलकिलं आहे. अडचण वेगळीच: समोरचा रुग्ण वैमानिक आहे हे डॉक्टरला कळतच नाही. व्यवसाय 'नोकरी' असा सांगितला की झालं. माझी सहकाऱ्यांना एवढीच सूचना असते, नव्या रुग्णाला 'नोकरीत नेमकं काय चालवता किंवा सांभाळता' हे विचारा. एसटी, क्रेन, रेल्वे, विमान, सगळं त्यात येतं.

एक गोष्ट ठासून सांगतो. नैराश्य म्हणजे धोकादायक वैमानिक नव्हे. २०१६ मध्ये हार्वर्डच्या अभ्यासात सुमारे १,८०० वैमानिकांनी नाव न देता प्रश्नावली भरली. त्यात १२.६ टक्के नैराश्याच्या निकषात बसले आणि ४.१ टक्क्यांच्या मनात मागच्या दोन आठवड्यांत जीव द्यायचे विचार आले होते. स्वतःहून भरलेली प्रश्नावली आहे, आकडे जपून वापरा. पण ही माणसं रोज विमानं सुखरूप उतरवत होती. यांना बाहेर काढायचं म्हटलं तर ती गप्प बसतील, उपचार टाळतील, आणि उपचार न घेतलेला आजार हाच खरा धोका. ऑस्ट्रेलियानं ८० च्या दशकापासून, अमेरिकेनं २०१० पासून काही ठराविक गोळ्यांवर असलेल्या स्थिर वैमानिकांना देखरेखीखाली उडायला परवानगी दिली, ती याच विचारानं.

---

कृष्णामाई_घाट

सगळं ठीक, पण अहमदाबादचं काय? इंधनाचे स्विच आपोआप थोडेच बंद होतात?

---

हँगर_दोन

@कृष्णामाई_घाट, धागाकर्त्यानं पहिल्याच ओळीत काय लिहिलंय ते वाचा.

तरी एकदाच लिहितो. अहमदाबादच्या एअर इंडिया विमानाच्या १२ जून २०२५ च्या अपघाताच्या प्राथमिक अहवालात एवढंच आहे: उड्डाणानंतर दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच एका सेकंदाच्या अंतरानं 'रन'वरून 'कटऑफ'ला गेले, एका वैमानिकानं 'का बंद केलंस' असं विचारलं, दुसरा म्हणाला 'मी केलं नाही', मग स्विच परत 'रन'ला आले. कोणता आवाज कुणाचा, हे त्यात लिहिलेलं नाही. स्विच कुणी, कसे, का हलले, तेही नाही. यावरून गेलेल्या माणसाच्या नावावर काही चिकटवायचं असेल तर दुसरीकडं चिकटवा.

त्या अपघातानंतरची एक गोष्ट मात्र या धाग्याशी जोडलेली आहे. नागरी उड्डाण राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेत दिलेल्या उत्तरानुसार १६ जूनला त्या कंपनीच्या ११२ वैमानिकांनी आजारपणाची रजा टाकली, ५१ कमांडर आणि ६१ सहवैमानिक. मला विचाराल तर हे चांगलं लक्षण आहे. मन थाऱ्यावर नसताना 'आज उडत नाही' म्हणता येणं, सगळ्या दारांपेक्षा तेच जास्त कामाचं.

---

सुपने_१०_२८

भाच्याच्या फॉर्मचं कुणीच नीट सांगितलं नाही, म्हणून लिहितो. प्रशिक्षणार्थींचे मेडिकलचे कागद नेहमी हाताखालून जातात.

विश्रामबागकर दादा, त्या एजंटला आधी रजा द्या. फॉर्मवर मानसिक आजार किंवा उपचारांबद्दल प्रश्न असतो आणि खाली सही असते. खोटं लिहिलेलं नंतर उघडं पडलं तर प्रश्न तब्येतीचा राहत नाही, खोट्या माहितीचा होतो, आणि परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. उघडं पडायचे रस्तेही भरपूर आहेत: विम्याचा क्लेम, जुनी औषधांची बिलं, भरतीच्या वेळची मुलाखत.

क्रम असा. आधी डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडं क्लास २ (शिकाऊ वैमानिकाची) वैद्यकीय तपासणी. मग क्लास १ (व्यावसायिक परवान्यासाठीची), ती पहिल्यांदा हवाई दलाच्या किंवा डीजीसीएनं मान्य केलेल्या केंद्रातच होते. व्यावसायिक परवान्याला २०० तास उड्डाण लागतं आणि खर्च पन्नास लाखांच्या पुढंमागं जातो. म्हणून पैसे भरायच्या आधी क्लास १ करून घ्या. बरेच पालक क्लास २ वर समाधान मानतात, बँकेचं कर्ज काढतात आणि वर्षभरानं क्लास १ ला अडकतात. इतिहास असेल तर केंद्र मानसोपचार तज्ज्ञाचं मत मागतं, 'तात्पुरते अपात्र' असा शेरा मारून काही महिन्यांनी परतही बोलावतं. त्याचा अर्थ कायमचं बाद असा नाही, आणि निर्णयावर अपील करता येतं. निकाल काय लागेल हे इथं कुणीही छातीठोक सांगू शकणार नाही.

पुढचंही सांगून ठेवतो. नोकरी लागल्यावर उड्डाणाआधी श्वासाची तपासणी असते. दारूचा अंश पहिल्यांदा सापडला तर तीन महिने परवाना बंद, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा रद्द. २०२२ पासून अमली पदार्थांची अचानक तपासणीही आहे. फेब्रुवारी २०२३ च्या डीजीसीए परिपत्रकात भरतीआधी मानसशास्त्रीय चाचणी आणि सहकारी आधार योजना आली. कंपनी निवडताना पोरानं हे जरूर विचारावं की ती योजना नुसती भिंतीवर आहे की चालते. चालते का हे ओळखायचं कसं: फोन उचलणारा वैमानिक आहे की एचआरचा माणूस? बोललेलं व्यवस्थापनापर्यंत जातं का, हे लेखी दिलंय का? उपचारासाठी जमिनीवर बसवलेल्याला पगार किती मिळतो? या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर टाळलं तर समजून घ्या.

---

विश्रामबागकर (सांगली)

सगळ्यांचे आभार. वडिलांना वाचून दाखवलं. जेटब्लूचं ऐकून म्हणाले, "म्हणजे दार चांगलंच आहे की, माणूस बघून घ्या." एजंटला नाही म्हणून कळवलंय.

शेवटचा प्रश्न @मिरज_ओपीडी साहेब, जुन्या डॉक्टरांकडून नेमके कोणते कागद मागायचे? 'पेशंट बरा आहे' एवढ्या चिठ्ठीवर भागेल का?

---

मिरज_ओपीडी

नाही भागणार. तशी एका ओळीची चिठ्ठी बोर्ड बाजूला ठेवतं.

हे मागा: पहिली भेट आणि शेवटची भेट यांच्या तारखा, निदान नेमक्या शब्दांत, प्रत्येक औषधाचं नाव, मात्रा, कधी सुरू, कधी कमी करत आणलं, कधी पूर्ण बंद. जीव द्यायचे विचार किंवा प्रयत्न होते का नव्हते, हे स्पष्ट लिहिलेलं हवं. ते वाक्य नसेल तर हमखास विचारणा होते. ॲडमिट केलं होतं का. घरात कुणाला गंभीर मानसिक आजार आहे का. आणि औषध बंद झाल्यापासून आजवर कसा आहे: अभ्यास, झोप, परीक्षेचा ताण कसा पेलला. जुन्या चिठ्ठ्या सापडत नसतील तर ज्या मेडिकलमधून औषधं घेतली तिथली बिलं शोधा. डॉक्टरांनी लेटरहेडवर नोंदणी क्रमांकासह सही करावी.

आता त्याला बघायला घेऊनच जा, जुन्या कागदावरून कुणी आजचा दाखला देऊ नये. आणि फॉर्म भरेपर्यंत किंवा नंतर कधी पोराला पुन्हा घाबरल्यासारखं झालं, तर मेडिकल बिघडेल म्हणून त्यानं गप्प बसू नये. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक मराठीतही चालतो, पैसे लागत नाहीत.

फाइलच्या दोन प्रती काढा. एक केंद्रात राहते, एक तुमच्याकडं असू द्या; पुढच्या प्रत्येक नूतनीकरणाला तीच लागेल.